गावी दोघंच राहणाऱ्या आई-वडिलांसाठी स्थानिक पातळीवर सरकारकडून खरंच काही मिळतं का? सुरुवात कुठून करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील 76 वर्षांचे, त्यांना ऐकू फार कमी येतं. आई 68 वर्षांची. दोघंच सातारा जिल्ह्यातल्या गावी राहतात, तुम्ही पुण्यात नोकरीला. ग्रामपंचायतीत चौकशी केली तर "ज्येष्ठांसाठी आमच्याकडे काही नाही" असं उत्तर मिळालं.

मी ग्रामविकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. आता आमच्या तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक संघात बाजाराच्या दिवशी बसतो, कारण त्या दिवशी आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरची वयस्कर माणसं तालुक्याला येतात आणि येताना कागदांची पिशवी सोबत आणतात. त्या अनुभवावरून सांगतो, मिळण्यासारखं बरंच आहे. पण ते एका दारात मिळत नाही. पेन्शन तहसीलला, उपकरणं समाजकल्याणला, उपचार आरोग्य खात्यात, दिव्यांगांचा निधी ग्रामपंचायतीत आणि सांभाळाची तक्रार प्रांताकडे. ही दारं एकमेकांना ओळखत नाहीत. तरण्या माणसाचीही यात दमछाक होते, मग ज्याला काउंटरपलीकडचं बोलणं ऐकूच येत नाही त्यानं काय करायचं? म्हणून पहिली विनंती ही की, वडिलांना एकट्यानं पाठवू नका. रजा काढा आणि सोबत जा.

दुसरी गोष्ट, योजनांची नावं शोधण्याआधी कागद सरळ करा. माझ्यासमोर येणाऱ्या अडचणींपैकी बहुतेक अपात्रतेच्या नसतात, कागदांच्या असतात. आधारवर जन्मतारीख 1 जानेवारी, मतदार ओळखपत्रावर वय वेगळं, पासबुकावर वडिलांचं नाव अर्धं, रेशनकार्डावर आईचं माहेरचं नाव. ही जुन्या माणसांच्या घराघरातली गोष्ट आहे. शाळेचा दाखला असेल तर तो आधी मिळवा. चौथीपर्यंत शिकले असतील तरी शाळेच्या रजिस्टरात नोंद असते. तो धरून आधार दुरुस्त करा, मग बाकीचे कागद आधाराशी जुळवा.

त्यानंतर बँक. "खात्याला आधार जोडलंय" आणि "खातं डीबीटीसाठी जोडलंय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी रक्कम आता आधारवरून थेट जमा होते (हीच डीबीटी) आणि जे खातं शेवटी जोडलं गेलं त्यात ती जाते. मध्येच कुणी गावात येऊन अंगठा घेऊन नवं खातं उघडून दिलं असेल, तर पैसे तिकडे जातात. म्हातारी मात्र जुनं पासबुक छापून घेत राहते आणि पेन्शन बंद झाली म्हणून रडते. बँकेत जाऊन डीबीटी कुठल्या खात्याला लागू आहे हे विचारा आणि हवं ते खातं लावून घ्या. मोबाइल नंबरचंही तसंच आहे. आधारला तुमचा पुण्यातला नंबर दिलात तर प्रत्येक ओटीपीसाठी गावाहून तुम्हाला फोन येणार. घरात जो फोन कायम चालू असतो, त्याचाच नंबर द्या.

आता तुमच्या घराला काय लागू होतं ते सांगतो.

वडिलांच्या कानापासून सुरुवात करा. हे मी मुद्दाम आधी घेतोय, कारण बहिरेपण हा म्हातारपणाचा भाग म्हणून सोडून दिला जातो. पण ऐकू येईना झालं की माणूस बोलणं सोडतो, बोलणं सुटलं की पारावर जाणं सोडतो, आणि पुढं सगळंच सोडतो. जिल्हा रुग्णालयात कानाची तपासणी करून घ्या. दोष 40 टक्के किंवा त्याहून जास्त निघाला तर दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) मिळतं. ते हातात आलं की ग्रामपंचायतीचं "आमच्याकडे काही नाही" हे उत्तर टिकत नाही, कारण ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातली 5 टक्के रक्कम दिव्यांगांवर खर्च करायची असते. पंचायत लहान असेल तर ही रक्कमही लहान असते, हे खरं. तरी लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जच आले नाहीत की तो पैसा पडून राहतो किंवा भलतीकडे दाखवला जातो, आणि ज्याचा हक्क त्याला पत्ताही नसतो.

उपकरणांसाठी दोन वाटा आहेत. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 ची आहे. 65 वर्षं पूर्ण झालेल्यांना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 2 लाखांच्या आत असेल तर, एकदाच 3000 रुपये खात्यात मिळतात. चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा अशा वस्तू घ्यायच्या आणि बिल द्यायचं. अर्ज सध्या घेतले जात आहेत का, हे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात विचारा. 3000 रुपयांत चांगलं श्रवणयंत्र येत नाही. एवढीच रक्कम ठेवणं मला पटत नाही आणि आम्ही ते वरपर्यंत सांगत असतो. चष्मा, काठी आणि खुर्चीला मात्र ती रक्कम उपयोगी पडते. दुसरी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना, 2017 पासूनची. तिच्यात गरीब कुटुंबातल्या 60 वर्षांपुढच्यांना तपासणी शिबिरं घेऊन वस्तूच दिल्या जातात. पण ही शिबिरं केव्हा लागतात ते गावापर्यंत पोचत नाही. समाजकल्याण कार्यालयात नाव आणि फोन लिहून ठेवायला सांगा.

पेन्शनबद्दल स्पष्ट सांगतो. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना 65 वर्षांपुढच्यांसाठी आहे. त्याखालच्या वयाच्या निराधारांसाठी संजय गांधी निराधार योजना. दोन्हींत महिना 1500 रुपये, दिव्यांगांना मात्र ऑक्टोबर 2025 पासून 2500. अर्ज तहसील कार्यालयातल्या संगायो (संजय गांधी योजना) शाखेत, सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रामार्फत. पण उत्पन्नाची अट आहे वर्षाला 21,000 रुपये. म्हणजे महिन्याला 1750. आजच्या काळात एवढ्यात दोन माणसांची औषधंसुद्धा भागत नाहीत. ही मर्यादा वाढली पाहिजे असं मी प्रत्येक निवेदनात लिहितो. तुमच्या आई-वडिलांच्या नावावर बागायती जमीन असेल तर ते बहुधा या अटीत बसणार नाहीत. मग कुणी एजंट "दाखल्याचं मी बघतो" म्हणाला तरी खोटा दाखला काढू नका. पुढे छाननी झाली की म्हाताऱ्यांकडून वसुली निघते. शिवाय ज्यांना खरंच कुणी नाही, त्यांच्या अर्जाकडे मग संशयानं पाहिलं जातं.

पण गावात अशी माणसं असतीलच. शेजारची एकटी काकू, मूल-बाळ नसलेलं जोडपं. त्यांना ही पेन्शन मिळते का ते विचारा. मिळत असेल तर हयातीचा दाखला दरवर्षी दिला जातो का तेही पाहा. तो राहिला की पैसे थांबतात, आणि का थांबले हे कुणी घरी येऊन सांगत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे नेहमीच होतं. अशा वेळी तलाठी किंवा ग्रामसेवकाला घरी यायची विनंती करायला संकोच बाळगू नका. निराधार ज्येष्ठाच्या घराला अंत्योदयचं पिवळं कार्डही मिळू शकतं, त्यावर महिन्याला 35 किलो धान्य असतं.

उपचारांत वडिलांना मोठा आधार आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला 5 लाखांपर्यंतचे, रुग्णालयात दाखल होऊन घ्यायचे उपचार त्यात येतात. आधार एवढाच कागद लागतो. आशाताईंना सांगा, त्या करून देतात किंवा आयुष्मान ॲपवरून तुम्हीच करा. वडील फौजेत असतील (आपल्या साताऱ्याकडे ही शक्यता विचारावीच लागते) आणि ईसीएचएसचा, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचा लाभ घेत असतील, तर दोन्हींपैकी एकच निवडावं लागतं. आईला 70 व्हायला अवकाश आहे, तोवर महात्मा फुले जन आरोग्य योजना रेशनकार्डावर चालते. कार्ड काढताना एक विचारून ठेवा, जवळचं कुठलं रुग्णालय यादीत आहे आणि कोणत्या आजारासाठी. छातीत दुखायला लागल्यावर ही चौकशी करता येत नाही. रक्तदाब-साखरेच्या रोजच्या गोळ्या या कार्डावर येत नाहीत, त्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून घ्या. ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचाराला पैसे लागत नाहीत.

एसटीचं तुम्हाला माहीत असेल. 75 पूर्ण झालेल्यांना राज्यभर मोफत, 65 ते 75 ना अर्धं तिकीट. वडिलांचं आधार खिशात असलं की झालं.

आता दाखले. उत्पन्नाचा, रहिवासाचा, कुठलाही अर्ज करा, पण पावती घेतल्याशिवाय उठू नका. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अशा सेवांना मुदत ठरवून दिली आहे. मुदत उलटली तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील, मग दुसरं, आणि शेवटी लोकसेवा हक्क आयोग. "उद्या या" म्हणणाऱ्याला पावतीवरची तारीख दाखवली की बोलण्याचा सूर बदलतो. हे मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे.

तुमच्या घराला लागू नसलेली, पण हे उत्तर वाचणाऱ्या अनेकांना लागणारी गोष्ट लिहितोच. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा आहे. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. निकाल मान्य नसेल तर आई-वडिलांना 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर अपील करता येतं. मूल नसलेल्यांनाही हा कायदा आहे. ज्याच्याकडे त्यांची मालमत्ता जाणार, त्या नातेवाइकावर सांभाळण्याची जबाबदारी येते.

याच कायद्याचं कलम 23 प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कुणीतरी वाचून दाखवायला हवं. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन बक्षीस दिली आणि पुढे सांभाळलं नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये ही अट असणं आवश्यक मानलं. जानेवारी 2025 च्या निकालात कायद्याचा हेतू ध्यानात घेऊन बक्षीसपत्र रद्द करत मालमत्ता आईला परत दिली. म्हणून माझं ठाम मत असं की, हयात असताना सातबारा आणि घर मुलांच्या नावावर करण्याची घाई करू नये. करायचंच असेल तर सांभाळाची अट दस्तात स्वच्छ शब्दांत लिहून घ्यावी. "पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं" म्हणून सह्या केलेली माणसं माझ्यासमोर बसून डोळे पुसतात, तेव्हा त्यांच्या हातात दाखवण्यासारखा एक कागद असता तर किती फरक पडला असता, हे मला दिसत असतं.

आणि स्थानिक संस्थांनी मनावर घेतलं तर काय होतं, त्याचं उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. लातूर जिल्हा परिषदेनं 2020 मध्ये ठराव करून आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून 30 टक्के कापून ते थेट पालकांच्या खात्यात द्यायला सुरुवात केली.

तुमच्या गावातही ग्रामसभा आहे. पुढच्या वेळी सुट्टी जोडून या आणि दोन गोष्टी मांडा. गावातल्या 65 वर्षांपुढच्या सगळ्यांची यादी व्हावी, कोण एकटं राहतं, कुणाला कुठली पेन्शन, कुणाचं वय वंदना कार्ड राहिलं, या माहितीसह. ही यादी आशाताई आणि अंगणवाडीताई मिळून थोड्या दिवसांत करू शकतात, खर्च काहीच नाही. आणि वर्षातून एकदा हयातीचे दाखले, आधार दुरुस्ती आणि कानडोळे तपासणी गावातच व्हावी, म्हणून तहसीलदार आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना पंचायतीनं पत्र द्यावं. ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची नक्कल मागा.

तुम्ही पुण्यात असताना मध्येच काही अडलं, तर 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मोफत हेल्पलाइन नंबर सकाळी 8 ते रात्री 8 चालू असतो, त्यावर तुम्हीही आई-वडिलांच्या वतीनं बोलू शकता. तातडीच्या वेळी 112. दोन्ही नंबर मोठ्या अक्षरांत लिहून फोनजवळच्या भिंतीला लावा. आईला ते एकदा तुमच्यासमोर लावून बघायला सांगा. वडिलांना फोनवर ऐकू येणार नाही, त्यामुळे फोन आईलाच करावा लागणार आहे असं धरून चाला आणि शेजारच्या एखाद्या घरालाही हे सगळं सांगून ठेवा.