वाचक विचारतात : कोचशी भांडलेला झाहोविच पोरानं आदर्श मानावा का?

प्रश्न : सर नमस्कार. मुलगा चौदा वर्षांचा आहे, फुटबॉलमध्ये मिडफिल्डला खेळतो. हल्ली सारखं झ्लाटको झाहोविच, झ्लाटको झाहोविच चाललेलं असतं, स्लोव्हेनियाचा तो, रिटायर झालेला. नेटवर बघितलं तर कळलं की २००२ च्या वर्ल्डकपमधनं त्याला घरी पाठवलेलं. आमच्या पोराचंपण कोचशी पटत नाही, म्हणून काळजी वाटते.
— एक पालक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : दादा, काळजी रास्त आहे, पण त्या एका भांडणावरनं अख्खं करिअर मोजू नका. आपल्या सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ लाच २८ लाखांच्या वर होती आणि स्लोव्हेनिया सगळा देश मिळून २० लाखांच्या आसपास, १९९१ ला स्वतंत्र झालेला, तिथल्या मारिबोरचं हे पोरगं बेलग्रेडच्या पार्टिझानला गेलं, तिथनं पोर्तुगालला गिमारायन्सला, मग पोर्तोला, आणि पोर्तोत १९९७ ते ९९ सलग तीन लीग जिंकला. पुढं ऑलिंपियाकोस, व्हॅलेन्सिया, बेनफिका असे मोठे क्लब. देशासाठी ८० मॅच, ३५ गोल. मिडफिल्डर असून स्लोव्हेनियाकडनं सगळ्यात जास्त गोल अजून त्याच्याच नावावर आहेत, आता बोला.

पोराला युरो २००० ची, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेतली, युगोस्लाव्हियाबरोबरची मॅच दाखवाच. स्लोव्हेनियाची पहिलीच मोठी स्पर्धा, आणि समोर ज्या देशातनं फुटून निघाले त्याच नावाची टीम. झाहोविचचे दोन, पाव्हलिनचा एक, ५७ व्या मिनिटाला ३-०. त्यातला तिसरा गोल नीट बघा, युगोस्लाव्हियाच्या मिहायलोविचनं मागं बेफिकीर पास दिला आणि हा आधीच तिथं टपलेला, बॉल उचलला आणि गोल. पास कुठं जाणार हे द्यायच्या आधी ओळखणं, मिडफिल्डरनं हेच शिकायचं असतं. पुढं मिहायलोविचला रेड कार्डपण मिळालं, तरी युगोस्लाव्हियाच्या दहा जणांनी सहा मिनिटांत तीन गोल मारून ३-३ केलं! त्याच स्पर्धेत स्लोव्हेनियावाले स्पेनशी २-१ नं हरले तेव्हाही त्यांचा एकमेव गोल झाहोविचचाच.

२००१ ला व्हॅलेन्सियाकडनं चॅम्पियन्स लीगची फायनल, बायर्नसमोर, पेनल्टी शूटआउटमध्ये त्याची पेनल्टी बायर्नचा गोलकीपर कान्हनं अडवली. ते दुखणं मोठं, पण त्यात त्याची चूक काढावी असं मला वाटत नाही, कान्ह त्या रात्री तीन पेनल्ट्या अडवून बसला.

आता भांडण. २००२ च्या वर्ल्डकपमध्ये स्पेनच्या मॅचमध्ये स्लोव्हेनियाचा कोच कातानेत्सनं त्याला मधेच बाहेर काढलं, त्यावरनं तो कोचवर तुटून पडला आणि त्याला घरी पाठवलं. टीम तिन्ही मॅच हरली, कातानेत्सनंपण पद सोडलं. हे चुकीचंच होतं, पोराला स्पष्ट सांगा, टीमचा सगळ्यात मोठा प्लेयर असा घरी गेला की बाकीच्या बावीस जणांचं नुकसान होतं. पण नवीन कोच आल्यावर तो परत टीममध्ये आला आणि २००४ पर्यंत देशासाठी खेळला, हेपण सांगा. पुढं मारिबोर क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून त्यानं बारा-तेरा वर्षं काम केलं, म्हणजे कोच नेमायची जबाबदारी त्याच्यावरच.

तर खेळ झाहोविचचा घेऊ दे, खुशाल घेऊ दे. फक्त कोचशी नेमकं कशावरनं बिनसलंय ते पोराला एकदा निवांत विचारा, पोझिशनवरनं का मॅचमधनं बाहेर काढतात म्हणून, आणि तुम्ही मध्ये पडू नका, त्यालाच कोचशी बोलू दे. मॅचच्या दिवशी नको, प्रॅक्टिस संपल्यावर.