नर्सरीतून आणलेलं ग्राउंड ऑर्किड कोळशात लावलंय. पानं टोकाकडून वाळतायत आणि वर्षभरात फूल नाही. काय चुकतंय?

कोळसाच चुकतोय. मीही नेमकं हेच करून बसले होते, म्हणून इतक्या खात्रीने सांगते.

नारळाच्या कोवळ्या रोपासारखी, निऱ्या घातल्यासारखी पानं आणि घेताना दांड्यावर जांभळट गुलाबी फुलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे हे स्पॅथोग्लॉटिस प्लिकाटा. ‘प्लिकाटा’ हे नाव पानांच्या या निऱ्यांवरूनच पडलंय.

ऑर्किड म्हटलं की आपल्याला आठवते खोडाला बिलगलेली सीतेची वेणी. मुळांना हवा हवी, माती नको, हे आपण तिच्यावरून शिकलो आणि सरसकट सगळ्या ऑर्किडांना लागू केलं. हे मात्र मातीतलं झाड आहे. आग्नेय आशियापासून पॅसिफिकातल्या बेटांपर्यंत ते गवताळ उतारांवर, रस्त्याकडेच्या दरडींवर उगवतं. १८८३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात इंडोनेशियातलं क्राकाटोआ बेट भाजून निघालं, त्यानंतर तिथे पोचलेल्या पहिल्यावहिल्या ऑर्किडांत हे होतं. हवाई आणि पोर्तो रिकोत तर बागेतून निसटून रानात माजलंय. इतकं चिवट झाड आपल्या बाल्कनीत रडतं, ते आपण त्याला भलत्याच जातीचे नियम लावतो म्हणून.

माझं पहिलं रोप कोळसा आणि सोडणाच्या तुकड्यांत, टांगत्या कुंडीत होतं. एप्रिलमध्ये सकाळी घातलेलं पाणी दुपारपर्यंत गायब. दोनदा पाणी घालूनही नवे कोंब काडीसारखे बारीक. शेवटी वैतागून जूनमध्ये मातीत लावलं, आणि दिवाळीनंतर पहिला दांडा आला.

आता तुमच्या रोपाचं. कोळसा झटकून काळी पडलेली, मऊ मुळं कापून टाका. दोन भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत; माती चिकट असेल तर मूठभर कोकोपीट. आठ ते दहा इंची कुंडी पुरते. कंद हळदीसारखा खोल गाडू नका, हे महत्त्वाचं. मुळं मातीत, कंदाचा वरचा भाग उघडा, अशा बेताने बसवा. पानांच्या पोंग्यात माती गेली किंवा पावसात पागोळ्यांचं पाणी सतत पडत राहिलं, तर कोंब कुजतो. कुंडी पागोळीखालून हलवायची, एवढंच. माती ओलसर राहू दे, पण कुंडीखाली पाण्याची ताटली नको.

फुलं नसण्याचं दुसरं कारण बहुधा सावली. ऑर्किड म्हणून लोक ते कोपऱ्यात ठेवतात आणि मग नुसती पानं माजतात. सकाळचं तीन-चार तास ऊन द्या. मार्च ते मे दुपारची तेवढी कुंडी आडोशाला. वाढीच्या दिवसांत पंधरवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं, पाण्यात विरघळणारं खत), लिटरभर पाण्याला एक ग्रॅम. त्याहून जास्त घालायचा मोह आवरा.

उन्हाळ्यात पानं धुरकट, ठिपकेदार दिसली तर मागची बाजू बघा, लाल कोळी (पानातला रस शोषणारी बारीक कीड) असतो. पानांच्या मागून पाण्याचा फवारा मारला की बराचसा जातो, उरला तर कडुनिंबाचं तेल.

आणखी एक. या फुलांत बऱ्याचदा आपोआप परागीभवन होतं आणि दांड्यावर शेंगा लटकतात. त्या खुडून टाका, झाडाची ताकद पुढच्या कळ्यांना मिळते. बी पेरून रोपं करायच्या फंदात पडू नका: बी धुळीसारखं असतं, त्यात शिदोरीच नसते, मातीतल्या बुरशीच्या मदतीशिवाय ते रुजत नाही. कुंडी भरली की जूनच्या सुमारास कंद वेगळे करा, पण एकेक सुटा नको, तीन-तीनचे गठ्ठे. एकटा कंद जगतो, पण फुलायला फार वेळ लावतो.

कुंडी बदलल्यावर दांड्याची वाट शेंड्यात पाहू नका. तो कंदाच्या बाजूने निघतो, आणि सुरुवातीला नव्या कोंबासारखाच दिसतो. मी एक तसाच, तण समजून उपटलाय.