पाठीतल्या पाण्यातलं प्रोटीन: वाचकांचे प्रश्न

वडिलांच्या पाठीतलं पाणी तपासलं, प्रोटीन १८० आलं. म्हणजे मेंदूत जंतुसंसर्ग नक्की का?

एवढ्यावरून नाही. पाठीतलं पाणी म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवतीचा द्रव. मोठ्या माणसात त्यातल्या प्रोटीनचं प्रमाण डेसिलिटरला साधारण १५ ते ४५ मिलिग्रॅम असतं. दाह झाला की रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर सैल पडतो आणि रक्तातली प्रोटीनं पाण्यात झिरपतात. पण गाठ असेल, जुना मधुमेह असेल, सुई टोचताना रक्त मिसळलं असेल, तरीही आकडा वाढतो. म्हणून त्याच रिपोर्टवर पेशी आणि साखर बघा. पांढऱ्या पेशी शेकड्यांनी, त्यातही न्यूट्रोफिल (जिवाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त, आणि साखर खूप उतरलेली, तर जिवाणूंचा संशय बळावतो. प्रोटीन वाढलेलं पण पेशी जवळपास नॉर्मल, हे चित्र गीयाँ-बारे या आजारात (यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते) नेहमी दिसतं, पण फक्त त्यातच नाही. रक्तातली साखर त्याच सुमारास तपासली होती का, हे आवर्जून विचारा. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पाण्यातल्या साखरेचा अर्थ लागत नाही.

बहिणीच्या पाठीतल्या पाण्यातलं एडीए १४ आलं. कल्चरचा (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट यायच्या आतच टीबीची औषधं सुरू केली. घाई नाही का झाली?

लक्षणं, स्कॅन आणि पेशी टीबीशी जुळत असतील, तर डॉक्टरांनी योग्यच केलं. एडीए हे एन्झाइम लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी चेतल्या की वाढतं. लिटरला १० युनिटच्या पुढे गेलं की सहसा टीबीचा विचार होतो. मात्र ते आपल्याच पेशींचं आहे, जंतूचं नव्हे. त्यामुळे इतर जिवाणूंच्या मेंदूज्वरात किंवा लिम्फोमातही (लिम्फोसाइट पेशींच्या कर्करोगातही) ते वाढतं, आणि टीबी असूनही कमी येऊ शकतं. कल्चरला कित्येक आठवडे लागतात. तोवर थांबण्यात बोलणं, चालणं, प्रसंगी जीवही जाऊ शकतो.

अँटिबॉडी तपासायला पाण्यासोबत रक्तही का घेतात?

रक्तातल्या अँटिबॉडी थोड्याफार पाण्यात उतरतातच. मग सापडलेली अँटिबॉडी बाहेरून आली की आतच तयार झाली? इथे अल्ब्युमिन कामी येतं. ते यकृतात बनतं, मेंदूत नाही. म्हणजे पाण्यातलं सगळं अल्ब्युमिन रक्तातूनच आलेलं, आणि अडसर किती गळतोय ते त्यावरून कळतं. त्या गळतीच्या मानाने अँटिबॉडी जास्त भरल्या, तर त्या आत तयार होत आहेत.

अडचण अशी की आजार बरा झाल्यावरही या अँटिबॉडी वर्षानुवर्षं राहू शकतात. म्हणून मज्जासंस्थेतल्या लाइम आजारात (गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या जिवाणूसंसर्गात) सीएक्ससीएल-१३ हे प्रोटीन मला मोलाचं वाटतं. ते अँटिबॉडीच्या आधी वाढतं आणि उपचार लागू पडले की लवकर उतरतं. न्यूरोसिफिलिस (मज्जासंस्थेत पोचलेला सिफिलिस) आणि लिम्फोमातही ते वाढतं, तेव्हा एकट्या त्याच्यावर निदान करू नये.

पाणी काढल्याने पाय लुळे पडतात का?

ही भीती मनातून काढा. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि सुई त्याच्या खाली टोचतात. शरीर रोज सुमारे अर्धा लिटर नवं पाणी तयार करतं, तपासणीला त्यातलं थोडंसंच लागतं. काहींचं डोकं दुखतं, ते बहुतेकदा काही दिवसांत थांबतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगा.