जपानमध्ये डॉक्टरकडे गेल्यावर 'इताई' (दुखतंय) एवढं सांगून भागतं का?

भागतं, पण पुढचा प्रश्न येतोच: कसं दुखतंय? आणि इथे मराठी माणूस फायद्यात असतो, कारण ठसठसणं, चुरचुरणं आपल्याला घरचंच आहे. दाढ ठणकत असेल तर 'झुकिझुकि', डोक्यात घण बसत असतील तर 'गान्गान', सुई टोचल्यासारखं होत असेल तर 'चिकुचिकु', भाजल्यावर चुरचुरतं ते 'हिरिहिरि'. मागे 'शिमासु' लावा: 'आतामा गा गान्गान शिमासु' (डोक्यात घण बसतायत). झालं वाक्य. माझा आवडता 'शिकुशिकु': पोटात बारीक दुखत राहणं आणि मुसमुसून रडणं, दोन्हींना हाच शब्द!

मनाचं दुखणं सांगताना 'कानाशी' (दुःखी) पुरत नाही. सोसवत नाही म्हणायचं असेल तर 'त्सुराई'. जीव घुसमटतोय तर 'कुरुशी'. दम लागला तरी हेच. लिहिताना मात्र 'त्सुराई' आणि तिखट या अर्थाचा 'काराई' यांचं चित्राक्षर एकच, त्यामुळे संदर्भ बघूनच वाचायचं.

नैराश्य म्हणजे 'उत्सुब्यो'. त्यालाच 'कोकोरो नो काझे', मनाची सर्दी, म्हणायची रीत २००० च्या सुमारास औषधांच्या प्रचारातून रुळली. त्याने लोकांचा संकोच कमी झाला असेल, पण मला शब्द पटत नाही. सर्दी चार दिवसांत आपोआप जाते. त्यापेक्षा २००२ मधला बदल चांगला: स्किझोफ्रेनियाचं 'दुभंगलेल्या मनाचा आजार' अशा अर्थाचं जुनं नाव टाकून 'तोगो शित्चोशो' हे नाव घेतलं, म्हणजे मनाचा मेळ बिघडणं.