बकरीच्या जबड्याखाली संध्याकाळी पाणी उतरतं आणि सकाळी कमी होतं, जनावरांना अशी सूज का येते आणि ती किती प्रकारची असते?

तुम्ही लिहिलंय की बकरी गोंदियाकडची आहे, दिवसभर तळ्याकाठी आणि धान कापलेल्या बांध्यांमधे चरते, संध्याकाळी जबड्याखाली मऊ पिशवी लोंबते, सकाळपर्यंत बरीच उतरते, आणि शेजारचे म्हणतायत की डाग द्या (तापल्या लोखंडाने चटका द्या) नाहीतर सुई टोचून पाणी काढून टाका. आधी हे सांगतो की दोन्हीपैकी काहीही करू नका. मी पशुवैद्यक आहे, धानाच्याच पट्ट्यात काम करतो, आणि डाग दिलेल्या बकऱ्या माझ्याकडे येतात तेव्हा मूळ रोग आत तसाच असतो, वरून गळा पिकलेला, त्यात अळ्या पडलेल्या. फार जीव तुटतो हो, कारण हा आजार वेळेत ओळखला तर त्याचं औषध स्वस्त आहे.

सूज का येते ते थोडक्यात. बारीक रक्तवाहिन्यांतून थोडं पाणी सतत बाहेर झिरपत असतं आणि ते परत रक्तात ओढलं जातं, उरलेलं लिंफच्या, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी वाहून नेणाऱ्या, नळ्यांतून परत जातं. रक्तात प्रोटीन, मुख्य म्हणजे अल्ब्युमिन, कमी पडलं की पाणी धरून ठेवायला काही राहत नाही आणि ते कातडीखाली साचतं. हृदय नीट पंप करत नसेल तर रक्त मागे तुंबून दाब वाढतो, तरी तेच. जंतू, सापाचं विष किंवा ॲलर्जी यांनी वाहिन्यांच्या भिंतीच सैल पडतात. आणि कधीकधी लिंफचा रस्ताच बंद होतो, पण ते आपल्याकडे त्यामानाने कमी दिसतं. बहुतेक सगळ्या सुजा या चारांत कुठेतरी बसतात, काही वेळा दोन कारणं एकत्रही असतात.

ओळखायचं कसं, तर सुजेवर अंगठा घट्ट दाबून धरा आणि काढा. मळलेल्या कणकेत बोट दाबल्यावर राहतो तसा खळगा राहिला, सूज थंड असली आणि जनावर दुखल्यासारखं करत नसलं तर तिथे नुसतं पाणी साचलंय, कारण कुठेतरी दुसरीकडे आहे. गरम असली, हात लावू देत नसलं, ताप असला तर तिथेच किंवा रक्तात जंतूंचं काम चालू आहे. दाबल्यावर कातडीखाली चुरचुर आवाज आला तर तो गॅस, फऱ्या या जंतूंच्या जीवघेण्या रोगाचा संशय धरायचा आणि लगेच डॉक्टर बोलवायचा. कडक, गोल, सकाळ-संध्याकाळ सारखीच राहणारी गाठ असेल तर ती बहुतेक पिकणारी गाठ, ही सूज नव्हे. भरपूर दूध पिणाऱ्या लहान पिल्लांच्या गळ्यात वरच्या बाजूला मऊ फुगवटा येतो, तो मात्र आपोआप जातो, त्याला घाबरू नका.

आता तुमची बकरी. दिवसभर डोकं खाली घालून चरते म्हणून पाणी सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे जबड्याखाली उतरतं, रात्री बसून रवंथ करताना डोकं वर असतं म्हणून ते पसरून जातं. हे असं कमीजास्त होणं म्हणजे रक्तातलं प्रोटीन कमी झाल्याची खूण, आणि चरणाऱ्या बकरीत प्रोटीन कमी होण्याचं पहिलं कारण जंत. एक म्हणजे हिमॉन्कस, हा चौथ्या पोटात चिकटून रक्त पितो, एक जंत दिवसाला साधारण 0.05 मिली, म्हणजे हजार जंत असले तर रोजचं 50 मिली रक्त गेलं, आणि यात बहुतेक वेळा हगवण लागत नाही म्हणून मालकाला पत्ताच लागत नाही. दुसरा लिव्हर फ्लूक, चपटा, पानाच्या आकाराचा, पित्ताच्या नळ्यांत राहतो. अल्ब्युमिन यकृतातच तयार होतं, तेच खराब झाल्यावर काय उरणार. याची अंडी शेणा-लेंड्यांतून पाण्यात जातात, तिथल्या गोगलगाईच्या अंगात वाढतात आणि मग पाण्याकाठच्या गवतावर, धानाच्या बुडख्यावर चिकटून बसतात. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलाव आणि बोड्या (लहान तळी) एवढ्या आहेत की पाणी उतरल्यावर काठाला जे हिरवं गवत येतं तिथेच सगळी जनावरं जातात. तिसरे अँफिस्टोम, त्यांची लहान पिल्लं आतड्यात असतात तेव्हा पाण्यासारखी घाण वासाची हगवण आणि जबड्याखाली सूज दोन्ही एकत्र दिसतं, पावसाळा संपता संपता हे जास्त.

म्हणून आज हे करा, बकरीची खालची पापणी उलटी करून उजेडात बघा. लाल-गुलाबी असली तर ठीक, पांढुरकी असली तर रक्त खूप कमी झालंय. दक्षिण आफ्रिकेत यासाठी फमाचा नावाचं 5 रंगांचं कार्ड काढलंय, ते हिमॉन्कससाठीच, पण पापणी बघायला कार्ड नसलं तरी चालतं. पांढऱ्या पापणीच्या बकरीला पळवू नका, लांब चालवू नका, जागेवर कोसळून मरतात. ताज्या लेंड्या डबीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या, मग औषध ठरवता येतं.

औषधाबद्दल स्पष्ट लिहितो कारण इथे गोंधळ फार होतो. दुकानातून आयव्हरमेक्टिन आणून टोचतात, ते लिव्हर फ्लूकवर आणि अँफिस्टोमवर चालतच नाही. अल्बेंडाझोल फक्त मोठ्या झालेल्या फ्लूकवर चालतं, तेही जास्त डोसात, आणि नुकत्याच गाभण बकरीला ते द्यायचं नाही. ट्रायक्लाबेंडाझोल लहान-मोठ्या दोन्ही फ्लूकवर चालतं, अँफिस्टोमला ऑक्सिक्लोझानाइड. क्लोसँटेल हिमॉन्कसवरही चांगलं, पण डोस जास्त झाला तर बकऱ्या आंधळ्या होतात, म्हणून अंदाजाने पाजू नका, वजन करा. दूध घरात पीत असाल तर किती दिवस थांबायचं ते डॉक्टरला विचारा. पाणी उतरावं म्हणून लघवीचं इंजेक्शन मागू नका, आधीच रक्त कमी, त्यातलं पाणी आणखी काढलं तर ती खचेल. त्यापेक्षा जवस ढेप, तूर चुनी द्या, लोहाचं टॉनिक द्या. जंत गेले तरी सूज पूर्ण उतरायला वेळ लागतो, प्रोटीन भरून यावं लागतं.

आणि जंत निघत असूनही सूज परत परत येत असेल, बकरी वाळत चालली असेल, तर जोन्स नावाचा आतड्याचा रोगही असतो, त्याची वेगळी तपासणी करून घ्या.

तुम्ही सगळ्याच जनावरांबद्दल विचारलंय म्हणून गाई-म्हशींचं. गाईच्या पुढच्या पायांमधे, गळ्याखालच्या पोळीत थंड सूज, मानेची शीर जाड फुगलेली, कोपरं बाहेर काढून उभी, उतारावरून चालायला तयार नाही, असं असेल तर पोटात तार किंवा खिळा जाऊन तो हृदयाच्या पिशवीत घुसल्याची शक्यता मोठी. पोळीत पाणी उतरेपर्यंत बहुतेक उशीर झालेला असतो, त्याआधी पोट उघडून तार काढता येते, म्हणून गठ्ठ्याच्या तारा गव्हाणीत जाऊ देऊ नका. पहिलारू गाईच्या कासेला विण्याच्या आसपास सूज येते ती साधी असते, मीठ कमी करा, पिळायच्या वेळा वाढवा, पण कास गरम, दुखरी आणि दुधात गाठी असल्या तर ती दगडी, तिला त्याच दिवशी उपचार. बैलाची लघवी बंद होऊन पोटाखाली सूज आली तर मुतखड्याने मूत्रनळी फुटलेली असू शकते. पापण्या आणि नाकपुडी एकदम सुजल्या, अंगावर गांधी उठल्या तर ॲलर्जी. 2022 मधे लम्पी आली तेव्हा गाठींबरोबर पाय आणि पोळी सुजलेल्या कितीतरी गाई आपण सगळ्यांनीच बघितल्या.

पण एका सुजेसाठी रात्रीचे 2 वाजले तरी उठायचं, ती म्हणजे घटसर्प. पावसाळ्यात, म्हशीत जास्त, गळा गरम आणि दुखरा सुजतो, ताप 105-106 फॅरनहाइट, श्वासाची घरघर, आणि काही तासांत जनावर जातं. तिथे घरचा उपाय नाही, 1962 या पशुवैद्यकीय मदतीच्या नंबरला फोन लावा, आणि पावसाआधी लस टोचून घ्या.

तुमच्या बकरीला उद्यापासून तळ्याकाठी सोडू नका, पाणी टाकीत पाजा, पाणी साचलेल्या बांधीतला ओला तणस (धानाचा पेंढा) घालू नका, आणि फक्त हिला नाही तर अख्ख्या कळपाला औषध पाजावं लागेल, कारण सूज एकीला दिसली तरी चरतात सगळ्या एकाच जागी. खालच्या पापणीच्या आतल्या बाजूचा फोटो उजेडात काढून इथे टाका, हगवण आहे का आणि बकरी गाभण आहे का तेही लिहा, म्हणजे मला पुढचं सांगता येईल.