मुलगी दुसरीत आहे; तिच्या सुरक्षिततेबद्दल शाळेला नेमके काय विचारावे?

शाळेत सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील समिती, आहे का, ती शेवटची कधी बसली आणि तिच्यातील पालक सदस्य कोण, हे आधी मुख्याध्यापकांना विचारावे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्येच या समितीचा निर्णय काढला आहे. तक्रारपेटी भिंतीवर बहुधा असते, पण ती दुसरीतल्या मुलीच्या हाताला पोहोचते का आणि कोणासमोर उघडली जाते, हे स्वतः जाऊन पाहावे. खरे तर सात वर्षांचे मूल चिठ्ठी लिहीत नाही. ते "मला त्या काकांबरोबर जायचं नाही" एवढेच म्हणते, आणि ते ऐकून घेणाऱ्या बाई वर्गात असणे मला कोणत्याही कॅमेऱ्यापेक्षा मोलाचे वाटते.

मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळताच पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "आधी आम्ही अंतर्गत चौकशी करतो" ही सबब चालत नाही, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याविषयीची माहिती न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर गणवेश, ओळखपत्र आणि नाव स्पष्ट दिसणारी छायाचित्रे टाकू नयेत, अशी लेखी विनंती अवश्य करावी, कारण एकदा पुढे गेलेले छायाचित्र परत घेता येत नाही. कोणी मुलांची आक्षेपार्ह चित्रफीत पाठवल्यास ती पुरावा म्हणूनही इतरांना पाठवू नये. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अशी तक्रार नाव न देताही नोंदवता येते. मूल संकटात असेल तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर चोवीस तास मदत मिळते.