हक्कसोडपत्रावरची तारीख

"वयाच्या ६१ व्या वर्षी पुन्हा लग्न करतेय. मुलगा म्हणतो, बाबांच्या फ्लॅटवरचा हक्क जाईल. खरं का?" अशी पत्रं सतत येतात. ताई, हक्क जात नाही. पतीचं मृत्युपत्र नव्हतं, वारस तुम्ही, मुलगा आणि मुलगी. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे एक तृतीयांश हिस्सा त्यांच्या निधनाच्या दिवशीच तुमचा झाला.

माझा जीव अडकलाय तो तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळींत. दोन वर्षं आठ महिन्यांपूर्वी मुलाने 'वारसनोंद करायचीय' म्हणून दुय्यम निबंधकांकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कार्यालयात नेलं. चष्मा घरी राहिलेला. फोटो काढला, अंगठा घेतला, दाखवलं तिथे सह्या केल्यात. अहो, नुसत्या वारसनोंदीला निबंधकांकडे अंगठा लागत नाही! ते बहुधा हक्कसोडपत्र आहे, म्हणजे तुमचा हिस्सा तुम्ही सोडून दिल्याचा दस्त. न वाचता सही केलीत, आणि शंका आल्यावरही 'घरात वाद नको' म्हणून गप्प बसलात, याचा मला जास्त राग येतो.

कारण दस्त रद्द करून मागायची मुदत तीन वर्षांची आहे. ती फसवणूक कळल्यापासून मोजतात, हे तुमच्या बाजूचं. पण समोरचा वकील नोंदणीच्या दिवसापासूनच मोजणार. त्या वादात पडूच नका. हातात चार महिने आहेत असं धरा. या आठवड्यात दस्ताची प्रमाणित नक्कल काढा, दावा दाखल करा आणि सोबत फ्लॅट विकू नये म्हणून मनाई हुकमाचा अर्ज द्या.

फसवणूक सिद्ध होईलच, असं मी सांगणार नाही. साक्षीदार कोण होते त्यावर बरंच आहे. दस्तात तुम्हाला सांभाळण्याची अट असेल, तर ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ चा (सांभाळलं नाही तर दस्त रद्द करून घेण्याचा) रस्ताही असू शकतो; पण सही करताना तुमची साठी उलटली नव्हती, तेव्हा तो लागू पडतो का हे वकिलांना विचारा. तुम्हाला कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर ते लग्नानंतर बंद होऊ शकतं, त्या खात्याला आधी लेखी विचारा.

निकालाला वर्षं लागतील. दिवाणी न्यायालयांची ही गती म्हाताऱ्या माणसांवर अन्याय आहे, म्हणूनच लग्न निकालावर टांगू नका. ज्या गृहस्थांना तुमच्या गोळ्यांच्या वेळा पाठ आहेत, त्यांना ताटकळत का ठेवायचं? विशेष विवाह कायद्याखाली ३० दिवसांची नोटीस लागते. दावा दाखल झाला की दुसऱ्या दिवशी ती द्या. मुलाची नाराजी हे कायद्यात हरकतीचं कारण नाही.